पाठ नसलेला यमन

आमच्या घरात कुणी कुणाशी हळू बोलत नसे. मीठ मागायचं तरी नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं मागायचं, आणि देणाऱ्यानंही तसंच ओरडून द्यायचं. उधन्याला आमची खोली ज्या चाळीत होती, तिच्या मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं होतं. सुरतेत कापडाच्या कारखान्याला खातं म्हणतात. त्या भिंतीपलीकडे दिवसपाळी संपली की रातपाळी सुरू व्हायची आणि आमच्या मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून सतत किणकिणत राहायचे. माय त्यांच्यामध्ये फडक्याच्या चिंध्या घालून ठेवायची. पाव्हणे आले की चिंध्या काढायच्या, कारण चिंध्या घातलेल्या पेल्यांत चहा देणं बरं दिसत नाही. आणि मग पाव्हणे असेपर्यंत पेले आणि आम्ही, दोघेही बोंबलत असू. खात्याला सुट्टी असली की आणखी गंमत. सगळं गप्प झालेलं, पण चाळ आपली सवयीनं ओरडतच राहायची. शेजारच्या बाईनं नवऱ्याला घातलेल्या शिव्या त्या दिवशी पार कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत स्वच्छ ऐकू जात. तिलाही ते ठाऊक होतं. मला वाटतं ठेवणीतल्या शिव्या ती सुट्टीच्या दिवसासाठीच राखून ठेवत असावी.

आबा, म्हणजे माझे वडील, बमरोलीच्या एका खात्यात कारीगर होते. खान्देशातून आले तेव्हा ते इतके कोवळे होते म्हणे, की धोट्याला हात पुरावा म्हणून पायाखाली पेटी घेत. मी पाहिले ते आबा मात्र उंच, किंचित पुढे वाकलेले, भुवयांवर सुताचा भुगा घेऊन घरी येणारे. माय त्यांना दारातच थांबवून पदरानं त्या भुवया पुसायची. मग ते पाटावर बसत, कळण्याची भाकरी चुरून तिच्यावर डाळ ओतून घेत आणि जेवता जेवता रोज एकच तक्रार करत. "आजकाल मानसे तोंडमाच बोलतस," ते म्हणत. तोंडातल्या तोंडात बोलतात सगळे. शेठ तोंडातल्या तोंडात बोलतो, दुकानदार तसाच, बसचा कंडक्टरही तसाच. जगातली माणसं हळूहळू आळशी होत चालली आहेत आणि आता पुरते शब्दही बाहेर काढत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. मला ते पटायचंसुद्धा. मी सोळा वर्षांची होते आणि जगाला नावं ठेवणारं कुठलंही मत मला लगेच पटत असे.

माय तेवढी कधी ओरडायची नाही. चाळीत ती एकटीच. आबांशी बोलायचं झालं की हातातलं काम ठेवून उठायची, त्यांच्या समोर जाऊन बसायची, दंडाला बोट लावायची आणि मग बोलायची. बोलताना पदर कधी तोंडाशी नेत नसे. मला हे सगळं फार जुनाट वाटे. नवऱ्याला मान देण्याची ही गावाकडची रीत असणार आणि आपण लग्न झाल्यावर असलं काही करायचं नाही, असा मी मनातल्या मनात ठरावही केला होता. ठराव करण्यात मी पटाईत होते. समजण्याच्या बाबतीत जरा बेतानंच.

गाण्याचं असं झालं. मी ज्या मराठी शाळेत जात होते तिथे प्रार्थनेला माझा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. त्यात सुरेलपणा किती आणि आमच्या घरची ओरडायची सवय किती, ते देव जाणे. शाळेत गाण्याचे एक सोमण मास्तर होते. बारीक, गोरे, बाराही महिने गळ्याला मफलर, दम्याचे जुने दुखणेकरी. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुझा आवाज चांगला आहे, पण तू भांडल्यासारखी गातेस. रविवारी नानपुऱ्याला घरी येत जा." तिथे बँकेतल्या, कचेऱ्यांतल्या मराठी लोकांच्या मुली शिकायला येत. त्यांच्या घरी तंबोरे होते, माझ्या घरी पेले. पण आवाज माझाच मोठा होता, त्यामुळे महिनाभरातच माझं नाक वर गेलं आणि पुढची दोन-तीन वर्षं ते खाली आलं नाही.

मास्तरांची शिकवण्याची पद्धत सोपी होती: पाठ करा. बंदिश पाठ, आलाप पाठ, ताना पाठ. राग गाताना गायक जे ऐन वेळी सुचेल तसं गातो असं लोक म्हणतात, ते ऐन वेळचं सुचणंही आम्हाला आधीच सुचवून ठेवलेलं होतं. "सर, आपल्या मनानं कधी गायचं?" असं एकदा एका मुलीनं विचारलं तर मास्तर म्हणाले, "आधी मन तयार होऊ दे." मन कधी तयार होतं हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आम्ही इतकं मन लावून पाठ करत होतो की मास्तर जिथे थांबत तिथे थांबायचो, जिथे मान हलवत तिथे मान हलवायचो. यमनच्या एका आलापात पंचमावरून वर जाताना ते मध्येच तुटून, खांदे उचलून, 'हं' असं करून पुढे जात. आम्हा सगळ्यांना वाटलं, केवढी ही नजाकत! आम्हीही तिथे खांदे उचलून 'हं' करू लागलो. मी तर घरी आरशासमोर त्याची तालीम केली. पुढे एकदा मास्तरांनी वर्गात ते ऐकलं आणि पेटीवर हात आपटून म्हणाले, "गाढवांनो, तिथे मला दम लागतो!" तरी आमची ती सवय गेली नाही. माझी तर नाहीच. आजही नातीसाठी अंगाई म्हणताना कधी कधी मला मध्येच मास्तरांचा दमा होतो.

गाण्याच्या परीक्षेला तोंडी प्रश्नही असत. 'कलेचे प्रयोजन काय?' हा हटकून विचारला जाणारा. त्याचंही उत्तर मास्तरांनी पाठ करून घेतलं होतं. कलेमुळे चित्तशुद्धी होते, मन उन्नत होते, असं काहीतरी ते होतं; शेवटी 'परमेश्वराशी तादात्म्य' येई आणि तिथे डोळे अर्धवट मिटायचे असत. मी ते परीक्षकांपुढे एका श्वासात म्हटलं. 'हं' सुद्धा न करता. परीक्षक खूश झाले. घरी येऊन मी मायला सांगितलं की आज मी कला कशासाठी असते ते सांगून आले. माय वांगी भाजत होती. धुरानं पाणावलेले डोळे पुसत म्हणाली, "बरं जयं. आते कांदा चिरी दे."

त्या हिवाळ्यात भिकामामा आला. मायचा भाऊ. तो आला की पिशवीत दोन गोष्टी असायच्या, गावाकडचा ठेचा आणि कुणासाठी तरी स्थळ. या वेळी ठेचा घरासाठी होता आणि स्थळ माझ्यासाठी. मुलगा नंदुरबारकडचा, एसटीत कंडक्टर, घरी विहीर, बागायती, सगळं बरं. "फक्त एक शे," मामा म्हणाला, "गानारी पोर त्यासले नको. भजन चालई." भजन चालेल! मी मोठ्या झोकात उठून बाहेर गेले आणि ओट्यावर जाऊन बसले. आत काय चाललंय हे ऐकू यावं म्हणून अगदी दाराशीच.

मग माय त्यांच्या समोर जाऊन बसली असणार, कारण तिचा आवाज अगदी हळू होता. आणि मग आबांचं उत्तर आलं, नेहमीसारखं अख्ख्या चाळीला सांगणारं. मास्तरांकडे शिकणाऱ्या मुलींचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे ना, मी येतो, बसतो, ऐकतो. गाणं तसं असेल तर पोरीला गाऊ दे, लग्नाचं मागून पाहू. नसेल तर मामाला हो म्हणून टाकू. तोवर कुणी काही बोलायचं नाही.

म्हणजे माझा निकाल आबांच्या कानावर होता. आता हसू येतं, पण तेव्हा मला हा निकाल फार सोपा वाटला. आबांना गाण्यातलं काही कळत नाही, हे मी गृहीतच धरलं होतं, आणि न कळणाऱ्या माणसाला दिपवणं अवघड नसतं. मास्तरांनी मला यमनमधल्या ज्या ताना दिल्या होत्या त्या एकाहून एक वर चढणाऱ्या होत्या. शेवटची तर वरच्या षड्जाच्याही पलीकडे जाऊन, गरगर फिरून, खाली उडी मारून समेवर येणारी. ती घेतली की वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघत. मी आठवडाभर तेवढीच घासली. ठेचा सोडला, लिंबू सोडलं, तळलेलं सोडलं. ज्येष्ठमध चघळत, गळ्याला मायची जुनी ओढणी गुंडाळून सुरतेच्या उन्हात हिंडले आणि घरात कुजबुजत बोलू लागले, आवाज जपायचा म्हणून. आमच्या घरात कुजबुजणारी मी पहिलीच. आबा दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी मायला म्हणाले, "हाई बी तोंडमाच बोलाले लागनी."

कार्यक्रमाच्या दिवशी आबांनी पाळी बदलून घेतली. दुपारी ते पोंक घेऊन आले. हिवाळ्यात सुरतेत ज्वारीची कोवळी कणसं भाजून दाणे काढतात, त्यावर शेव, साखरेच्या गोळ्या, लिंबू. मायला हा प्रकार कधीच पटला नाही. भाकरीची ज्वारी कोवळी असतानाच खुडून खाणारे लोक, असं ती सुरतकरांविषयी म्हणायची. आणि म्हणता म्हणता सगळ्यात जास्त तीच खायची. मी एक दाणा तोंडात घातला नाही. आबांनी मुठीत पोंक घेऊन माझ्यापुढे धरला, मी हातानंच 'नको' म्हटलं आणि घशाकडे बोट दाखवलं. ते हसले. पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा, केसांना इतकं तेल की वरून माशी घसरावी. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते आणि अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, मनातून माझ्या लग्नाची तयारी करतायत.

सभागृह मराठी मंडळींनी भरलेलं. बाहेर अजून उजेड होता, आतले पंखे हळू फिरत होते. पहिल्या रांगेत मास्तरांनी आबांना बसवलं, शेजारी माय, पलीकडे भिकामामा. माझ्या आधीची मुलगी गात होती तेव्हा मी पडद्याआडून त्यांच्याकडे पाहत होते. तिनं छान तान घेतली, लोकांनी टाळी दिली. आबांनीही दिली. पण थोडी मागाहून. शेजाऱ्यांचे हात उठले की त्यांचे हात उठत. मी मनात म्हटलं, बघा, कळत नाही म्हणून बघून बघून टाळ्या वाजवतात. किती खूश झाले मी! अशा माणसाला माझी तान म्हणजे आभाळच कोसळल्यासारखी वाटेल.

मग मी बसले. तबल्याला गोविंदभाई, मास्तरांचे जुने मित्र, पान खाऊन ओठ लाल केलेले. आलाप म्हटला, खांदे उचलून 'हं' केलं, बंदिश सुरू झाली. पहिली तान घेतली आणि आबांकडे पाहिलं. ते गोविंदभाईंच्या बोटांकडे बघत होते. दुसरी घेतली, आणखी वरची. आबा मान वळवून मामाकडे बघत होते, मग मायकडे, मग परत माझ्याकडे. आणि चेहऱ्यावर एक हसू होतं. ते मी ओळखलं. शेठ चारचौघांत काही बोलला आणि ते समजलं नाही की आबा तसं हसत. मोठ्या नम्रतेचं हसू. चुकीच्या जागी 'हो' म्हटलं जाऊ नये म्हणून सांभाळून धरलेलं.

माझा श्वास तुटला. मास्तरांच्या जागी नाही, भलत्याच. तान अर्ध्यातच सोडून मी घाईघाईनं खाली उतरले. षड्जाच्याही खाली, मंद्रातल्या निषादावर, नुसता पाय टेकायला. आणि आबांची हनुवटी उचलली गेली. गर्दीत मागून कुणी आपलं नाव घेतलं की माणूस वळतो ना, तशी. ते हसू गेलं. चेहरा उघडा पडला. ते माझ्याकडे बघत होते.

सोळाव्या वर्षी मी मठ्ठ होते, पण इतकीही नव्हते. मी वर गेले. गंधार, पंचम, वरचा षड्ज. आबांचा चेहरा विझला, हसू परत आलं. खाली आले, निषाद, धैवत. चेहरा परत माझ्याकडे. खोटं कशाला सांगू, मी तिथे बसून दोन-तीनदा वर-खाली केलं, दिव्याचं बटण करतो तसं. माझ्या नातीला, चिऊला, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, एटले, म्हणजे तू स्टेजवर बसून पणजोबांच्या कानांची टेस्ट घेतलीस?" घेतली बाई. दुसरा कुठला डॉक्टर आम्हाला परवडणारा होता? आणि त्या क्षणी सगळं आपोआप जुळत गेलं. आळशी झालेलं जग. दंडाला लागणारं मायचं बोट. तोंडाशी न जाणारा पदर. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या कानांतला वरचा भाग झिजून गेला होता. मी जेवढी वर जाईन आणि जेवढी वेगानं जाईन, तेवढी त्याला दिसेनाशी होत होते. आठवडाभर घासलेली ती शेवटची तान त्याच्यासाठी नव्हतीच. मी तोंड उघडून मिटत असणार, झालं.

पंचाईत अशी की मला जे काही येत होतं ते सगळं वरच्या मजल्यावर ठेवलेलं होतं. मास्तरांनी खाली काही दिलंच नव्हतं. मुलींच्या गळ्याला तिथे काय काम, असं त्यांचं मत. त्यामुळे खाली उतरले आणि हातात काही नाही. अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपत जावं तशी मी निघाले. निषादावरून धैवत. तिथे थोडी थांबले, कारण पुढे काय ते माहीत नव्हतं. मग पंचम, अगदी हळू, बरोबर लागतो की नाही याची भीती वाटत. आबा पुढे झुकले. मग तीव्र मध्यमापर्यंत, माझ्या आवाजाचा तळ. तिथे स्वर लागतो कमी आणि छाती घरघरते जास्त. त्यावरून परत वर, पण फार नाही, षड्जाला शिवून पुन्हा खाली. एक तुकडा आला तो मला स्वतःलाच नवा होता. तो मी परत घेतला, जरा वळवून. तो वळवल्यावर त्यातून तिसरा निघाला. तीनतालाची आवर्तनं एकामागून एक जात राहिली आणि मी काही मुखड्याला येईना. गोविंदभाईंनी मान कलती करून पुटपुटत विचारलं, "बेन, क्यां जाओ छो?" कुठे चाललात बाई? मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का!

सभागृहाचं काय झालं ते सांगायला हवं. लोक कंटाळले. मागच्या रांगेतली मुलं खुर्च्या वाजवू लागली, दोघं-तिघं चहाला उठून गेले. एका बाईंनी स्वेटरचे टाके मोजायला घेतले. त्यांचंही बरोबर होतं. मी काही फार चांगलं गात नव्हते. धडपडत होते, तेही पंख्यांच्या आवाजाखाली. माझ्या गाण्याच्या आयुष्यातली ती काही मोठी मैफल नव्हे. पुढे मी याहून पुष्कळ बरी गायले, टाळ्याही मिळाल्या. पण कुणापर्यंत तरी जायचंच म्हणून मी पहिल्यांदा गात होते, आणि जायचा रस्ता कुणी पाठ करून दिलेला नव्हता. चित्तशुद्धी वगैरे झाली की नाही ते आठवत नाही. तळहातांना घाम आला होता एवढं आठवतं. आणि आबा. पहिल्या रांगेत, तेल लावलेलं डोकं एका अंगाला कलतं करून, शेजाऱ्यांकडे एकदाही न बघता बसलेले.

संपलं तेव्हा टाळ्या जेमतेम पडल्या. मास्तर पडद्यामागे भेटले. मफलर सोडून पुन्हा गुंडाळत म्हणाले, "इंदू, तू यमन गात होतीस की यमनचं घर शोधत हिंडत होतीस?" मी रडायच्या बेतात. त्यांनी मफलरचं टोक आत खोचलं. मग म्हणाले, "त्या पंचमावरून वर येताना एक जागा घेतलीस. ती कुणी दिली?" कुणी नाही, सर. "मी नाही दिली ना? हं," ते म्हणाले, आणि हे 'हं' दम्याचं नव्हतं. "पुढच्या रविवारी ये. खालचं जरा बघू."

बाहेर माय उभी होती. मी तिच्या कानाशी लागून विचारलं, माय, आबांना ऐकू येत नाही? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला आजच कळलंय की सुरतेत लूम आहेत. "तुले आज समजनं का व?" ती म्हणाली. कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणाली, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून जरा जरा. त्यांना सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "काय सांगू? त्यासले वाटस जग हळू बोलस. वाटू दे." खात्यातले सगळेच तसे, त्यामुळे खात्यात कुणालाच कळत नाही, आणि घरी ती समोर जाऊन बसते, तेवढ्यानं भागतं. तिला त्यात काही सांगण्यासारखं वाटत नव्हतं. मी पाळण्यात असल्यापासून ती त्या माणसापर्यंत पोचायची वाट रोज नव्यानं काढत होती आणि तिला कुणी परीक्षेत प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकामामा परत निघायचा होता. पिशवी भरून, चहा पिऊन, चपला घालून तो दारात उभा राहिला. त्याचा निकाल मनात झालेलाच होता. लोकांना उठून चहाला जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. "मंग भाऊ, काय सांगू त्यासले?" त्यानं विचारलं, बेंबीच्या देठापासून. पेले किणकिणत होते. मी कांदा चिरत होते आणि विळीवर बोट ठेवून थांबले होते. माझं सगळं पुढचं आयुष्य दाराच्या उंबऱ्यावर उभं होतं आणि त्यानं चपला घातलेल्या होत्या.

आबांनी भुवई खाजवली. "पोरनं गानं चालू शे," ते म्हणाले. "काल व्हयनं नही ते पुरं. मी आयकनं ना. मधमाच कशी उठाडू तिले?"

मामाला वाटलं, आबांना प्रश्नच नीट कळला नाही. तो आणखी मोठ्यानं पुन्हा सगळं सांगू लागला, बागायत, विहीर, कंडक्टर. आबा मान हलवत राहिले. मग मायनं उठून भावाची पिशवी त्याच्या हातात दिली. त्या कंडक्टरचं पुढे काय झालं मला माहीत नाही. भजन म्हणणारी कुणीतरी मिळाली असेल. त्यानंतरही स्थळं येत राहिली आणि बरीच वर्षं आबांचं उत्तर तेच राहिलं, चालू शे. अखेर ज्या माणसाशी माझं लग्न झालं तो गाणं सुरू असताना उठून न जाणारा निघाला. झोपायचा, पण जाग्यावरच.

मामा गेल्यावर आबा कामाला निघायचे थांबले. पाटावर परत बसले आणि मला समोर बोलावलं. मी समोर बसले, अगदी माय बसते तशी. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "काल तू तठे खाले गयी व्हती ना... ते म्हन जरा."

मी डोळे मिटले. निषाद लावला, धैवत लावला. तो तुकडा शोधला. आला नाही. पुन्हा सुरुवात केली. वेगळंच काहीतरी आलं. भिंतीपलीकडे लूम चाललेले, पेले वाजतायत, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कुणीतरी मनापासून मागितलेलं गाणं माझ्याकडे नव्हतं. पाठ केलेलं असतं तर हजारदा म्हटलं असतं. मी त्यांच्या दंडाला बोट लावलं आणि सांगितलं, "आबा, ते गेलं. ते परत येत नाही."

आबांनी मांडी नीट घातली, कान माझ्याकडे केला.

"मंग दुसरं म्हन," ते म्हणाले.